कात्रीने जोडलेल्या ओळी

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. हे तिच्या पाठीमागे चाललंय असं म्हणणाऱ्यांना वाटे, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पेनांच्या डब्यात तिने एक खरीखुरी कात्री ठेवली होती, लाल मुठीची. कोणी लांबलचक मजकूर घेऊन समोर बसलं, की ती ऐकता ऐकता ती कात्री हातात घ्यायची आणि नुसती उघडमीट करत राहायची. माणूस आपोआप मुद्द्यावर यायचा.

कंपनी सॉफ्टवेअर बनवायची आणि ते कसं वापरायचं ते कात्री लिहायची. प्रोग्रामरांनी दिलेल्या कच्च्या मजकुरात दहा शब्द असले तर तिच्या हातून चार बाहेर पडत, आणि त्या चारांतलाही एक काढता येईल का, याचा ती चहा पिताना विचार करी. जास्तीचा शब्द दिसला की तिला जेवणात खडा लागल्यासारखं व्हायचं. तिच्या लिखाणात चूक काढायला गेलेले बरेच जण आपल्याच चुका घेऊन परत आले होते, त्यामुळे तिच्या नादी सहसा कोणी लागत नसे.

तिचं दुखणं एकच होतं. तिचं लिखाण कोणी वाचत नसे. लोक आधी सगळी बटणं दाबून बघतात, मग शेजारच्याला विचारतात, मग फोन करतात, आणि सगळीकडून हात टेकले की कुठे पान उघडतात, तेही चिडचिड करत. इतकी वर्षं ती घासूनपुसून लखलखीत वाक्यं लिहीत आली होती आणि ती कपाटातल्या पाहुण्यांच्या कपबशांसारखी पडून होती.

मग एजंट आले. एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतःहून पार पाडणारी एआय. त्यांच्या हाती एखादं साधन द्यायचं, ते कसं वापरायचं याचं पान द्यायचं, की झालं. ते पान एजंट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो, दर वेळी वाचतो, आणि त्यात लिहिलंय तसंच वागतो. कात्रीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला, की शेजारच्या टेबलावरच्याने पगार वाढला का म्हणून विचारलं.

"वाचक मिळाला," ती म्हणाली.

कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं घरोघरी औषधं पोचवणारी एक संस्था. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या महिन्याच्या गोळ्या पाकिटात भरून दारात येत. पाकीट पाठवायचं म्हणजे सर्व्हरला तसं काम सोपवायचं. सर्व्हर एक क्रमांक देतो, बँकेत टोकन देतात तसा, आणि मग आपल्या सवडीने काम उरकतो. ते कुठवर आलंय हे विचारायला एक छोटंसं साधन केलं होतं. क्रमांक द्यायचा, उत्तर घ्यायचं: थांबलंय, चाललंय, झालं, फसलं. आतापर्यंत हे माणसं विचारत. आता एजंट विचारणार होता आणि उत्तर बघून पुढे काय करायचं हेही तोच ठरवणार होता. त्याने वाचायचं पान लिहिण्याचं काम साहजिकच कात्रीकडे आलं.

या कामात तिचा जीव गुंतायला आणखी एक कारण होतं. तिच्या वडिलांचं पाकीट याच संस्थेकडून यायचं. त्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी असायची, रोज सकाळी एक. चुकून दोन गेल्या तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरांनी त्यांच्या देखत बजावलं होतं. बाबांनी तेव्हा मान डोलावली होती, पण त्यांनी ते ऐकलं होतं की नाही हे सांगणं कठीण होतं.

साधन बनवणाऱ्या प्रोग्रामरला ऑफिसात लांबणराव म्हणत. साधी वेळ विचारली तरी तो घड्याळ कुठून घेतलं तिथून सुरुवात करी. त्याने पानाचा कच्चा मजकूर पाठवला तेव्हा कात्रीने खुर्ची पुढे ओढली आणि बाह्या सरसावल्या. शेवटी आणखी एका उत्तराबद्दल लांबच लांब परिच्छेद होता. ‘सापडले नाही असे उत्तर आले तर काम नाहीच असे समजू नये, कारण गर्दीच्या वेळी सर्व्हर काम स्वीकारतो खरा, पण त्याची नोंद व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कोणी विचारले तर नोंद नसल्यामुळे असे उत्तर येते, मागे एकदा यावरून आमची फार धावपळ झाली होती व त्या दिवशी जेवणसुद्धा...’

जेवणापर्यंत पोचल्यावर तिला पुढे वाचवेना. तिने सगळा परिच्छेद उडवला आणि लिहिलं: ‘सापडले नाही: असे काम नाही.’

"ताई, तेवढं राहू द्या ना," लांबणराव काकुळतीला आला. "ते महत्त्वाचं आहे."

"अर्थ बदलला का?"

"बदलला असं नाही, पण म्हणजे कसं आहे बघा, समजा एखाद्या वेळी..."

कात्री उघडली आणि मिटली.

"असू दे," लांबणराव म्हणाला.

चाचणी झाली ती सामसूम दुपारी. सर्व्हर रिकामा, नोंदी झटपट, एजंटने विचारलं आणि उत्तर मिळालं. एजंट एकदाही अडखळला नाही. मोठ्या बाई, म्हणजे कंपनीच्या प्रमुख, स्वतः उठून कात्रीच्या टेबलापाशी आल्या आणि पान फार सुटसुटीत झालंय म्हणाल्या. महिना संपत आला होता. उद्या दुपारी साधन चालू करायचं आणि परवा, पहिल्या तारखेला, सगळ्यांची पाकिटं एजंटच्या हातून सुटायची असं ठरलं. कात्री घरी गेली ती गाणं गुणगुणत.

तिच्या या तोऱ्याचं मूळ घरातच होतं. बाबांनी सगळी नोकरी एस.टी.च्या नव्हे, साध्या खासगी गाड्यांच्या स्थानकात काढली होती, चौकशीच्या खिडकीमागे. खिडकीला अर्धगोल भोक होतं आणि त्यातून दिवसभर एकच प्रश्न आत यायचा: गाडीचं काय झालं? बाबांची उत्तरं तीन. ‘येतेय.’ ‘लागलीय.’ ‘गेली.’ चौथा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. लहानपणी ती शाळेतून परस्पर तिथे जायची, खिडकीमागच्या स्टुलावर बसायची आणि माणसं ते एक उत्तर घेऊन कशी निमूटपणे बाजूला होतात ते बघायची. तिला वडील राजासारखे वाटायचे.

"खिडकीत बसणाऱ्याने ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं," बाबा सांगायचे. "नाहीतर मग खिडकी कशाला? भिंतच बांधा."

आई होती तोवर यावर हसायची. "यांचं ‘येतेय’ म्हणजे यांना काही पत्ता नाही असं समजावं," ती म्हणे. बाबा पेपर वर धरत.

हल्ली बाबा थोडे विसरत. थोडेच, असं घरात सगळे म्हणत. चष्मा कुठे ठेवला, दूधवाला येऊन गेला का, असल्या बारीकसारीक गोष्टी. पण उत्तर मात्र पूर्वीसारखंच ताडकन यायचं. त्या आवाजावर शंका घ्यायचं कोणाच्या डोक्यातच येत नसे, कात्रीच्या तर नाहीच.

साधन चालू व्हायचं त्या दिवशी सकाळी तिची नेहमीची धांदल होती. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, तो लवकर निघायचा आणि निघण्याआधी सासऱ्यांना गोळी द्यायचा. ती केस विंचरत बाहेर आली तेव्हा तो जिना उतरून गेलेला होता. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"बाबा, गोळी घेतलीत?"

"नाही," बाबा म्हणाले. एकच शब्द, ठाम.

तिने डबी उघडली, गोळी काढली, पाण्याचा पेला दिला. बाबांनी गोळी जिभेवर ठेवली. तेवढ्यात दार उघडून नवरा धापा टाकत आत आला. लोकांना दिवसभर चष्मे लावणारा हा माणूस स्वतःचा चष्मा घरी विसरला होता.

"हे काय देतेयस?" त्याने विचारलं. "मी मघाशीच दिलीय त्यांना."

"बाबा, थुंका!" ती ओरडली आणि हातच त्यांच्या तोंडापुढे धरला. बाबांनी दचकून गोळी तिच्या तळहातावर टाकली. अर्धवट विरघळलेली, पांढरी, ओली. नवऱ्याने बाबांच्या हातातला पेला काढून घेतला.

"मला विचारलंस, मी सांगितलं," बाबा रागावून म्हणाले. "आता ओरडतेस कशाला?"

"बाबा, पण तुम्ही नाही म्हणालात!"

"मग? घेतल्याचं आठवत नव्हतं. म्हणजे नाहीच ना?"

तिने तळहाताकडे बघितलं. आठवत नाही, म्हणजे नाही. नोंद दिसत नाही, म्हणजे असे काम नाही. हे वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, त्यासाठी शाबासकीही घेतली होती आणि आज दुपारी ते चालू होणार होतं. उद्या पहिली तारीख, सर्व्हरवर झुंबड, नोंदी मागे पडणार. एजंट विचारणार, सापडले नाही असं उत्तर येणार. पान सांगतंय असं कामच नाही, मग तो बिचारा काय करणार? पुन्हा पाठवणार. तिने आत्ता केलं तेच.

आणि बाबांच्या दारात दोन पाकिटं आली, तर बाबा दोन्ही उघडणार. दुसरं कशाला असं कोणाला विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्या दिवशी नवऱ्याने दुकानात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि तो बाबांपाशी थांबला. कात्री केस अर्धे बांधलेले तशीच ऑफिसात पोचली आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"आज चालू करायचं नाही," ती म्हणाली. "माझं पान चुकलंय."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कात्रीच्या तोंडून हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. "काल तर चाचणी छान झाली."

"काल सर्व्हर झोपला होता. आज त्याला गर्दी दाखवू आणि मग बघू. माझं खोटं ठरलं तर दुपारी खुशाल चालू करा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

असं बोलण्यात तिचा नेहमीचाच ठसका होता. चूक सांगतानाही ती बरोबर असल्यासारखीच सांगे, हा तिचा स्वभाव. मोठ्या बाईंनी लांबणरावाला बोलावलं.

त्याने चाचणीच्या सर्व्हरवर खोट्या रुग्णांच्या खोट्या कामांचा ढीग ओतला आणि एजंटला एकाच आजीबाईंचं पाकीट पाठवायला सांगितलं. या आजीबाईही अर्थात खोट्याच. तिघंही पडद्यासमोर उभी राहिली. एजंटने काम सोपवलं, क्रमांक घेतला, विचारलं. सापडले नाही. एजंटने पुन्हा काम सोपवलं, नवा क्रमांक घेतला, विचारलं. सापडले नाही. पुन्हा सोपवलं. तो न थकता, न वैतागता, अगदी मनापासून पाकिटं पाठवत होता आणि दर वेळी पानातलं तेच वाक्य कारण म्हणून नोंदवत होता: असे काम नाही. थोड्या वेळाने नोंदी भराभर होऊ लागल्या आणि आजीबाईंच्या नावावर पाकिटांची रांग लागली.

"बाई गं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

लांबणराव काही बोलला नाही. आयुष्यात बोलण्याची इतकी चांगली संधी त्याला पुन्हा मिळाली नसती, पण तो गप्प राहिला. कात्रीला ते फार लागलं. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"तुझा परिच्छेद आहे का अजून?" तिने विचारलं.

"आहे ना. पूर्ण आहे. जेवणासकट."

"आण. जेवण राहू दे, बाकीचं मला एकेक करून समजाव. अगदी घड्याळ कुठून घेतलं तिथपासून."

मग ती दोघं बसली. लांबणराव सांगत होता आणि कात्री मध्ये न तोडता ऐकत होती, हे बघायला शेजारची माणसं काहीतरी निमित्त काढून टेबलावरून जात होती. नोंद का रेंगाळते, किती वेळ वाट बघणं शहाणपणाचं, क्रमांकच चुकला असेल तर काय दिसतं, जुन्या नोंदी कधी पुसल्या जातात. तिने काट मारण्यासाठी म्हणून दोनदा हात उचलला आणि दोन्हीदा खाली ठेवला. मग तिने लिहिलं:

‘सापडले नाही: म्हणजे काम झाले की नाही, हे आत्ता सांगता येत नाही. काम नाकारले गेले असे समजू नका. काम पुन्हा सोपवू नका. थोडे थांबून तोच क्रमांक पुन्हा विचारा. तरीही सापडले नाही तर स्वतः काही करू नका. माणसाला कळवा आणि स्पष्ट सांगा की तुम्हाला माहीत नाही.’

तिने ते वाचलं. शेवटची ओळ तिच्या जुन्या हिशेबाने फालतू होती. वरचं सगळं तेच तर सांगत होतं. लांबणराव तिच्या हाताकडे बघत होता.

"ही राहणार," ती म्हणाली. "त्याला कोणीतरी परवानगी दिली पाहिजे."

पुन्हा गर्दी ओतली, पुन्हा त्याच आजीबाई. एजंटने काम सोपवलं, विचारलं, सापडले नाही. तो थांबला. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नोंद आली होती: चाललंय. मग झालं. पाकीट एकच. लांबणरावाने मग एक असा क्रमांक दिला की जो कधी सापडणारच नव्हता. एजंटने वाट बघितली आणि पडद्यावर लिहिलं: या कामाचं काय झालं ते मला माहीत नाही. मी ते पुन्हा सोपवलेलं नाही. कृपया तुम्ही तपासा.

मोठ्या बाईंनी दुपारचं संध्याकाळवर ढकललं आणि संध्याकाळी साधन चालू झालं. निघताना कात्रीने आपली लाल मुठीची कात्री लांबणरावाच्या टेबलावर ठेवली.

"उद्यापर्यंत तुझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "परवा परत घेईन. आणि ते जेवण मी काढलं ते बरंच केलं."

घरी बाबा तिची वाट बघत होते. सकाळचा राग गेला होता, पण जरा कानकोंडे झाले होते. ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि दिवसभराची हकिकत सांगितली. ते जुन्या खिडकीवाल्याच्या कानांनी लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे तू त्या यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवलंस?"

"हो."

"आणि तसं म्हटल्यावर त्याला काढून नाही टाकलं?"

"नाही बाबा. उलट तसं म्हणायला लागला तेव्हाच कामावर घेतला."

बाबांनी हं केलं. त्यांच्या गुडघ्यावरचा हात तिने धरला, तेव्हा तिला कळलं की ते घाबरलेले आहेत. सकाळपासून नाही, कितीतरी आधीपासून. रोज कोणी ना कोणी त्यांना काहीतरी विचारत होतं आणि ते त्या अर्धगोल भोकातून पटकन एक शब्द बाहेर सरकवत होते, आत काहीच सापडत नसलं तरी. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख. नवरा लवकर गेला होता. ऑफिसातून सकाळपासून निरोप येत होते, पाकिटं सुटत होती, एकेकच सुटत होती. कात्री केस विंचरत बाहेर आली. बाबा खुर्चीत होते.

"बाबा, गोळी घेतलीत?"

बाबांनी नेहमीसारखं ताडकन तोंड उघडलं. आणि मिटलं. कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी टेबलाकडे बघितलं, रिकाम्या पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

आवाज इतका हळू होता की तिने आधी तो ओळखलाच नाही. तिने डबीला हात लावला नाही. नवऱ्याला फोन केला, विचारलं, ऐकलं आणि फोन ठेवला.

"दिलीय त्याने," ती म्हणाली.

बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पेपर उचलला, उघडला, आणि त्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं.

"माझी नोकरी?"

"पक्की," कात्री म्हणाली.